हर्पिस विषाणू आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ओठाच्या कडेला पाणीदार फोड आले, बरगडीखाली नागीण उठली किंवा रक्ताच्या अहवालावर ‘हर्पिस आयजीजी पॉझिटिव्ह’ (म्हणजे या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या) असा शेरा आला, की आरोग्यविषयक लिखाणात एक वाक्य ठरलेले असते: ‘प्रतिकारशक्ती कमी झाल्यामुळे असे होते, ती वाढवा.’ पाठोपाठ जीवनसत्त्वे, जस्त आणि पूरक गोळ्यांची यादी येते. या वाक्यात खरे किती आणि चूक किती हे कोणी उलगडून सांगत नाही, आणि त्याची किंमत वाचकाला मोजावी लागते. नागिणीवर औषध सुरू करण्याचे पहिले ७२ तास या यादीतच निघून जातात. विषाणूशास्त्र शिकवणारे आणि प्रयोगशाळेत या विषाणूंवर काम करणारे आम्ही काही जण त्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

माणसाच्या शरीरात कायमचा मुक्काम करणारे हर्पिस कुळातले नऊ विषाणू माहीत आहेत. ओठांवरचा एचएसव्ही-१ (हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू-१), प्रामुख्याने जननेंद्रियांवरचा एचएसव्ही-२, आधी कांजिण्या आणि मग अनेक वर्षांनी नागीण देणारा व्हॅरिसेला-झोस्टर, ग्रंथिज्वर देणारा एपस्टाइन-बार आणि गर्भाला धोकादायक ठरणारा सायटोमेगॅलो हे त्यांतले महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे ६४ टक्क्यांच्या शरीरात एचएसव्ही-१ आहे. एपस्टाइन-बार तर जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांत असतो. इतक्या माणसांची प्रतिकारशक्ती दुबळी आहे असे म्हणणे निरर्थक आहे. ठणठणीत माणसातही हे विषाणू आयुष्यभर राहतात, कारण प्रतिकारयंत्रणेतली नेमकी कुठली तार कुठे तोडायची याची हत्यारे ते जन्मतः बरोबर घेऊन येतात. ही हत्यारे एकदा नीट पाहिली, की ‘वाढवा’ या शब्दात काय कमी पडते ते आपोआप कळते.

एचएसव्ही-१ चा प्रवास जवळून पाहू. त्याच्या कणाच्या मध्यभागी सुमारे १,५२,००० अक्षरजोड्यांचा डीएनए असतो. तो सुमारे १२५ नॅनोमीटर व्यासाच्या, वीस पृष्ठांच्या प्रथिनकवचात ठासून भरलेला असतो. कवचाभोवती टेग्युमेंट नावाचा प्रथिनांचा थर आणि सर्वांत बाहेर चरबीचे आवरण. आवरणातून बाहेर डोकावणारी ग्लायकोप्रोटीन्स, म्हणजे शर्करा जोडलेली प्रथिने, पेशीच्या पृष्ठभागावरील हेपरान सल्फेट या शर्करा-साखळ्यांना आधी सैलसर चिकटतात. मग जीडी नावाचे ग्लायकोप्रोटीन नेक्टिन-१ किंवा एचव्हीईएम या ग्राहीला घट्ट धरते, जीएच-जीएल जोडी इशारा पुढे देते आणि जीबी दोन्ही आवरणे एकमेकांत मिसळवते. कवच पेशीच्या आत पडते आणि डायनीन या मोटर-प्रथिनाला धरून सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून केंद्रकाकडे निघते. केंद्रकाच्या छिद्राशी पोचल्यावर कवचाच्या एका टोकाचे दार उघडते. आत दाबून भरलेल्या डीएनएचा दाब सुमारे २० वातावरणांइतका असतो. त्या दाबानेच डीएनए केंद्रकात ढकलला जातो. रिकामे कवच बाहेरच राहते.

लढाई मात्र त्याच्या आधीच सुरू झालेली असते. टेग्युमेंटमधून काही प्रथिने तयार स्थितीत पेशीत येतात. त्यांतले व्हीएचएस हे एक कात्रीचे काम करते. ते पेशीचे संदेशवाहक आरएनए कापत सुटते. शेजारच्या पेशींना विषाणूचा इशारा देणारे इंटरफेरॉन बनवण्याचा हुकूम पेशीने काढला तरी हुकुमाचा कागद वाटेतच फाटतो. विषाणूचे एकही जनुक अजून चालू झालेले नसताना हे घडते. दुसरे, व्हीपी-१६, पेशीच्याच ऑक्ट-१ आणि एचसीएफ-१ या प्रथिनांशी गट्टी करून विषाणूची पहिली जनुके चालू करते.

केंद्रकात परका डीएनए दिसताच पेशी त्याला हिस्टोन या डीएनए गुंडाळणाऱ्या प्रथिनांमध्ये गुंडाळू लागते आणि पीएमएल नावाच्या प्रथिनाचे पुंजके त्याच्याभोवती जमतात. हेतू हा की त्या डीएनएवरून काही वाचताच येऊ नये. यावर विषाणूचे उत्तर आयसीपी-०. हे प्रथिन पीएमएलवर युबिक्विटिनचा शिक्का मारते. पेशीत या शिक्क्याचा अर्थ ‘मोडीत काढा’ असा आहे, त्यामुळे पेशीचे प्रोटिअझोम हे यंत्र आपल्याच पहारेकऱ्यांना चिरडून टाकते. हर्पिस कुळाची ही खोड पुन्हा पुन्हा दिसते: नवे यंत्र बनवायचे नाही, पेशीचेच यंत्र वळवायचे.

आता पेशीचा आणखी एक जुना बचाव. विषाणूच्या वाढीत दुहेरी धाग्याचा आरएनए तयार होतो आणि पीकेआर हे प्रथिन तो ओळखते. पीकेआर जागे झाले की ईआयएफ-२ अल्फा या घटकाला फॉस्फेट जोडते आणि पेशीतले सगळे प्रथिन-उत्पादन बंद पडते. पेशी स्वतः उपाशी राहून विषाणूलाही उपाशी ठेवते. एचएसव्ही-१ चे आयसीपी-३४.५ हे प्रथिन पेशीचेच पीपी-१ हे एन्झाइम बोलावून ते फॉस्फेट काढून टाकते. उत्पादन पुन्हा सुरू. हे एक जनुक काढून टाकले तर मेंदूत वाढण्याची विषाणूची क्षमता कोसळते. या मुद्द्याकडे पुढे परत येऊ.

सर्वांत खोलात जाऊन पाहावी अशी जागा म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी हेरणाऱ्या टी-पेशींसमोरची झडती. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे नमुने बाहेर मांडत असते. प्रोटिअझोम प्रथिनांचे तुकडे करते. टॅप नावाची वाहक जोडी ते तुकडे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या आतल्या कप्प्यात ओढून घेते. तिथे साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा तुकडा एमएचसी वर्ग-१ या नमुना मांडणाऱ्या रेणूच्या खोबणीत बसतो आणि ही जोडी पेशीच्या पृष्ठभागावर जाते. सीडी-८ टी-पेशी फिरत फिरत हे नमुने तपासते. ओळखीचे असतील तर पुढे जाते, विषाणूचा तुकडा दिसला तर पेशीला मारते. सगळी साखळी एका अरुंद दारातून जाते, ते दार टॅप.

एचएसव्हीचे आयसीपी-४७ हे फक्त ८८ अमिनो आम्लांचे प्रथिन नेमके या दाराच्या बाहेरच्या तोंडात, केसाच्या पिनेसारखे दुमडून, अडकून बसते. तुकडे आत जात नाहीत, रिकामे एमएचसी टिकत नाहीत आणि पेशीचा पृष्ठभाग काही वेळात कोरा होतो. टी-पेशी कितीही असोत, कितीही तरतरीत असोत, त्यांना पाहायला काही उरत नाही. एखाद्याची ‘प्रतिकारशक्ती’ दुप्पट केली तरी बंद दारातून नमुना बाहेर येणार नाही. आमच्या मते सामान्य वाचकाला सांगण्यासारखी हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

या प्रथिनाची आणखी एक बाजू संशोधनाच्या बातम्या देताना लक्षात ठेवावी. आयसीपी-४७ माणसाच्या टॅपला घट्ट धरते, उंदराच्या टॅपला मात्र फारच सैल. म्हणजे उंदरात हा विषाणू आपले एक मोठे हत्यार घरी ठेवून लढतो. उंदरांवर लस उत्तम चालली म्हणून माणसांवर चालेल असे गृहीत धरून मथळे दिले जातात, तेव्हा हा फरक कुठेच नसतो. जीडी या ग्लायकोप्रोटीनवर बेतलेली लस प्राण्यांत आशादायक होती. ८,३२३ स्त्रियांवरील चाचणीचे निकाल २०१२ साली आले, तेव्हा एचएसव्ही-२ पासून तिने संरक्षण दिले नाही. एचएसव्ही-१ च्या जननेंद्रियांवरील आजारापासून काहीसे संरक्षण दिसले, एवढेच. या अपयशाचे खापर एकट्या आयसीपी-४७ वर फोडता येणार नाही, पण प्राण्यांतल्या निकालांना किती वजन द्यायचे ते यावरून उमगते.

सायटोमेगॅलो विषाणू याच साखळीवर एका वेळी अनेक ठिकाणी घाव घालतो. त्याचे यूएस-६ हे प्रथिन टॅपला आतल्या बाजूने अडवते. यूएस-३ एमएचसीला कप्प्यातच रोखून धरते. यूएस-२ आणि यूएस-११ यांची तऱ्हा वेगळी. नुकताच बनलेला एमएचसी रेणू ते कप्प्यातून उलटा बाहेर खेचतात आणि प्रोटिअझोमच्या तोंडी देतात. पेशीत बिघडलेली प्रथिने अशीच मागे ओढून मोडीत काढली जातात. ही वाट नेमकी कशी चालते हे समजण्यात १९९६ च्या सुमारास या दोन विषाणू-प्रथिनांच्या अभ्यासाचा मोठा हात होता. विषाणूचा डाव उलगडता उलगडता निरोगी पेशीचे एक मूलभूत काम उजेडात आले, याचे आम्हाला आजही अप्रूप वाटते.

पण एमएचसी गायब केले की दुसरे संकट उभे राहते. एनके पेशी या दुसऱ्या मारेकरी पेशी नेमक्या याच गोष्टीवर नजर ठेवतात. ज्या पेशीवर एमएचसी दिसत नाही ती संशयित, तिला मारा, असा त्यांचा नियम. सायटोमेगॅलोने त्याचीही तजवीज केली आहे. यूएल-१८ हे प्रथिन एमएचसीसारखे दिसणारे सोंग पृष्ठभागावर उभे करते. यूएल-४० मधला एक छोटा तुकडा एचएलए-ई या रेणूवर बसतो आणि एनके पेशीला ‘सगळे ठीक’ असा निरोप देतो. हा तुकडा टॅपच्या दारातून जावाच लागत नाही, म्हणून विषाणूने स्वतःच बंद केलेले दार त्याला आडवे येत नाही. यूएल-१६ हे पेशीने धोक्याच्या वेळी बाहेर काढायची एमआयसीबीसारखी निशाणे आतच कोंडून ठेवते. उरलेली कसर विषाणूचा एक सूक्ष्म-आरएनए एमआयसीबीचे उत्पादन घटवून भरून काढतो.

हे सगळे जनुकांचे सामान पहिल्या संसर्गासाठी लागते का? २०१० साली ऱ्हीसस माकडांच्या सायटोमेगॅलो विषाणूतून यूएस-२ ते यूएस-११ हा पट्टा काढून पाहिला गेला. पूर्वी संसर्ग न झालेल्या माकडांत तो विषाणू व्यवस्थित वसला आणि टिकला. ज्यांच्यात आधीच सायटोमेगॅलो होता, म्हणजे ज्यांच्या टी-पेशी तयार होत्या, त्यांच्यात मात्र तो शिरकाव करू शकला नाही. सीडी-८ पेशी तात्पुरत्या काढून टाकल्यावर शिरला. म्हणजे ही हत्यारे मुख्यतः तयारीत असलेल्या प्रतिकारयंत्रणेला चुकवून पुन्हा आत शिरण्यासाठी आहेत. ‘एकदा होऊन गेले, आता अँटिबॉडी आहेत, पुन्हा काळजी नाही’ हा समज सायटोमेगॅलोला लागू नाही. आधी संसर्ग झालेल्या गर्भवतीत तो पुन्हा जागा होऊ शकतो किंवा दुसऱ्या वाणाचा नवा संसर्ग होऊ शकतो, आणि दोन्ही परिस्थितींत बाळापर्यंत पोचू शकतो. प्रमाण पहिल्या संसर्गापेक्षा बरेच कमी असते. बाळाला तो जन्मतः आहे का हे ठरवायचे तर लघवी किंवा लाळेची तपासणी जन्मापासून २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. नंतर सापडलेला विषाणू पोटात असताना आला की जन्मानंतर, हे सहजासहजी सांगता येत नाही. नवजात बाळ श्रवण-चाचणीत नापास झाले तर ही तपासणी लगेच मागावी.

अँटिबॉडींचेही असेच. एचएसव्हीचे जीई-जीआय हे प्रथिन-युगुल अँटिबॉडीची शेपटी पकडते. अँटिबॉडीचे हात विषाणूला चिकटलेले असतात, शेपटी जीई-जीआयच्या मुठीत, आणि त्या शेपटीने रक्तातल्या पूरक प्रथिनांना (कॉम्प्लिमेंट; पूरक गोळ्यांशी यांचा संबंध नाही) किंवा भक्षक पेशींना बोलवायचे ते काम राहून जाते. जीसी हे ग्लायकोप्रोटीन पूरक साखळीतल्या सी-३बी ला धरून ती साखळीच थांबवते. म्हणूनच रक्तात भरपूर अँटिबॉडी असलेल्या माणसाच्या ओठावरही फोड उठतात.

एपस्टाइन-बार विषाणूबद्दल थोडक्यात. तो अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींत राहतो. एलएमपी-१ हे त्याचे प्रथिन सीडी-४० या ग्राहीची आणि एलएमपी-२ए बी-पेशीच्या ग्राहीची नक्कल करते. बी-पेशीला वाटते आपल्याला जगण्याची परवानगी बाहेरून मिळाली. पेशीविभाजनात विषाणूचा डीएनए टिकवून धरणारे ईबीएनए-१ हे प्रथिन सोडून देता येत नाही, म्हणून त्यात ग्लायसीन आणि अॅलनीन यांची लांब पुनरावृत्ती असते. तिच्यामुळे त्याचे तुकडे एमएचसीवर फार कमी पोचतात. विश्रांतीतल्या स्मृती-बी-पेशीत तर विषाणू जवळजवळ सगळीच प्रथिने बंद करतो.

अशी पूर्ण शांतता हाच या कुळाचा अखेरचा आणि सर्वांत भक्कम डाव. एचएसव्ही-१ त्वचेतल्या चेतातंतूच्या टोकातून शिरून कवटीच्या तळाशी असलेल्या ट्रायजेमिनल गँग्लियनपर्यंत, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यापर्यंत पोचतो. व्हॅरिसेला-झोस्टर पाठीच्या कण्यालगतच्या पुंजक्यांत राहतो. तिथे विषाणूचा डीएनए वर्तुळाकार होऊन हिस्टोनमध्ये गुंडाळला जातो. एचएसव्हीत त्यावरून मुख्यतः एलएटी नावाचा आरएनए वाचला जातो, आणि त्यापासून प्रथिन बनत नाही. प्रथिन नाही म्हणजे तुकडा नाही, तुकडा नाही म्हणजे एमएचसीवर मांडायला काही नाही. या अवस्थेतल्या पेशीला शोधणारी टी-पेशी अस्तित्वात असूच शकत नाही.

विषाणू हलू लागतो तेव्हाचे चित्र विलक्षण आहे. चेतापेशीशेजारी सीडी-८ टी-पेशी बसून असतात. त्या चेतापेशीला मारत नाहीत, कारण मेलेली चेतापेशी परत येत नाही. उंदरांतील प्रयोगांत दिसले आहे की त्या ग्रॅन्झाइम-बी हे प्रथिने कापणारे एन्झाइम आत सोडतात आणि ते विषाणूच्या आयसीपी-४ या पहिल्या फळीतल्या प्रथिनाला कापते. विषाणू पुन्हा निजतो, चेतापेशी वाचते. ‘प्रतिकारशक्ती कमी झाल्याने’ या वाक्यातला खरा अंश इथे आहे: हे विशिष्ट पहारेकरी थकले, घटले किंवा औषधांनी दाबले गेले, की उठाव होतो. अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे, एचआयव्ही, काही कर्करोग आणि त्यांवरील उपचार, वाढते वय ही त्याची खरी कारणे. वय वाढते तसतशा व्हॅरिसेला-झोस्टर ओळखणाऱ्या टी-पेशी घटतात, अँटिबॉडी मात्र बऱ्यापैकी टिकून राहतात. म्हणून अँटिबॉडी मोजून नागीण होईल की नाही ते सांगता येत नाही. त्या चाचणीवर पैसे खर्चू नयेत.

प्रतिकारशक्ती ही एकच टाकी आहे आणि ती भरली किंवा रिकामी झाली असे नसते, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा मुलांच्या मेंदूज्वरात मिळाला. एचएसव्ही-१ मुळे मेंदूला सूज आलेल्या काही मुलांत टीएलआर-३ या एकाच संवेदकात जनुकीय दोष असल्याचे २००७ साली दाखवले गेले. ही मुले इतर बहुतेक संसर्गांशी नीट लढत होती. त्यांची एकच तार तुटलेली होती, आणि मेंदूत हा विषाणू रोखण्यासाठी नेमकी तीच लागते.

मग उपयोगी काय? अॅसायक्लोव्हिर हे औषध विषाणूच्याच थायमिडीन कायनेज या एन्झाइमने पहिला फॉस्फेट जोडल्याशिवाय चालू होत नाही. पुढचे दोन फॉस्फेट पेशी जोडते. मग ते वाढत्या डीएनएत शिरते, आणि पुढचा दुवा जोडायला लागणारा हायड्रॉक्सिल गट त्याच्यात नसल्यामुळे साखळी तिथेच तुटते. निरोगी पेशीत ते एन्झाइम नाही, म्हणून औषध तुलनेने सौम्य. निजलेल्या विषाणूतही ते एन्झाइम बनत नाही, म्हणून औषधाने विषाणू मुळासकट जात नाही. कोणी ‘हर्पिस मुळापासून बरा’ म्हणून काही विकत असेल, तर निजलेल्या डीएनएला ते कसे गाठते हा एकच प्रश्न त्याला विचारावा.

औषध विषाणूची वाढ रोखते, झालेली इजा भरून काढत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची. नागिणीत पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरुवात व्हावी. प्रौढांसाठी नेहमीची मात्रा व्हॅलासायक्लोव्हिर (शरीरात याचेच अॅसायक्लोव्हिर बनते) १ ग्रॅम दिवसातून तीन वेळा ७ दिवस, किंवा अॅसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा ७ ते १० दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा डॉक्टरांनी घटवावी लागते आणि पाणी भरपूर प्यावे लागते, कारण अॅसायक्लोव्हिरचे स्फटिक मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकू शकतात. नवे फोड येत असतील तर ७२ तास उलटल्यावरही औषध दिले जाते. अडचण अशी की वेदना पुरळाच्या काही दिवस आधी येते, अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी, आणि हृदय, पित्ताशय किंवा मणक्याचे दुखणे समजून दुर्लक्षिली जाते. म्हणून दुखऱ्या पट्ट्यावरची त्वचा रोज पाहावी. पुरळ नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे, कारण नाकाचा तो भाग आणि डोळा यांना एकाच चेतातंतूच्या शाखा जातात. डोळा लाल झाला म्हणून घरातले स्टेरॉइडचे थेंब घालणे फार घातक: एचएसव्हीचा व्रण बुबुळावर असेल तर नुसत्या स्टेरॉइडने तो पसरतो.

ओठावरच्या फोडांसाठी मलमाचा लाभ अगदी थोडा. मुंग्या येऊ लागताच व्हॅलासायक्लोव्हिर २ ग्रॅम आणि १२ तासांनी आणखी २ ग्रॅम, एवढाच एका दिवसाचा कोर्स. फोड आल्यावर त्याचा उपयोग घटतो. पूरक गोळ्यांत लायसिनचे नाव सतत घेतले जाते, पण त्याने फोड टळतात असा भरवशाचा पुरावा नाही.

ताप, डोकेदुखी आणि त्याबरोबर वागण्या-बोलण्यात अचानक फरक किंवा झटके आले, तर हा एचएसव्हीचा मेंदूज्वर असू शकतो. उपचाराविना दगावण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्के. शिरेतून अॅसायक्लोव्हिर १० मिलिग्रॅम प्रतिकिलो दर ८ तासांनी, १४ ते २१ दिवस, असा उपचार असतो आणि तो अहवालाची वाट न पाहता सुरू करतात. पाठीच्या पाण्याची पीसीआर चाचणी पहिल्या ७२ तासांत खोटी निगेटिव्ह येऊ शकते. संशय दाट असेल तर औषध न थांबवता ३ ते ७ दिवसांनी ती पुन्हा करतात. एका निगेटिव्ह अहवालावर औषध बंद करा असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

एचएसव्ही-२ बद्दल लाजेपोटी फार कमी लिहिले जाते. कधीच फोड न आलेल्या, पण अँटिबॉडी असलेल्या व्यक्तींतही सुमारे १० टक्के दिवस जननमार्गातून विषाणू बाहेर पडत असल्याचे २०११ सालच्या अभ्यासात आढळले. म्हणजे जोडीदाराला संसर्ग झाला यावरून कोणाच्या वर्तनावर शिक्का मारता येत नाही, आणि तो केव्हाचा हेही आयजीजी चाचणी सांगत नाही. आयजीएम ही सुरुवातीला बनणाऱ्या अँटिबॉडींची चाचणी तर पुन्हा उठावातही पॉझिटिव्ह येते, म्हणून ‘नवा संसर्ग’ ठरवायला ती निरुपयोगी आहे. संसार मोडतील असे निष्कर्ष या कागदांवरून काढले जातात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. फोड असेल तर त्याच्या तळातून घेतलेल्या नमुन्याची पीसीआर करावी. एका जोडीदाराला संसर्ग असेल तर रोज व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम घेतल्याने दुसऱ्याला होणारा संसर्ग जवळपास निम्म्याने घटतो. निरोधही वापरावा.

प्रतिकारशक्ती ‘वाढवणे’ या कुळाबाबत खरोखर जिथे जमले, ते नागिणीच्या लशीत. व्हॅरिसेला-झोस्टरचे जीई हे एकच प्रथिन आणि टी-पेशींना जोरात जागवणारे सहायक द्रव्य यांची ही निर्जीव लस ५० वर्षांवरील लोकांत चाचणीत ९७ टक्के, तर सत्तरीपुढे सुमारे ९० टक्के प्रभावी ठरली. आधीची सजीव लस साठीपुढच्या लोकांत ५१ टक्के प्रभावी होती. नव्या लशीचे दोन डोस २ ते ६ महिन्यांच्या अंतराने घ्यायचे असतात. हात दुखणे, अंगदुखी, एक-दोन दिवस कणकण अपेक्षित आहे, आणि त्याला घाबरून दुसरा डोस टाळणे ही नेहमीची चूक. ती निर्जीव असल्याने प्रतिकार दाबणारी औषधे घेणाऱ्या १८ वर्षांवरील रुग्णांनाही देता येते.

आता आयसीपी-३४.५ कडे परत. हत्यारे काढून घेतलेला एचएसव्ही-१ आज औषध म्हणून वापरला जातो. टी-व्हेक या विषाणूतून आयसीपी-३४.५ आणि आयसीपी-४७ ही दोन्ही जनुके काढली आहेत आणि प्रतिकार-पेशींना बोलावणारे जीएम-सीएसएफ हे प्रथिन बनवणारे जनुक घातले आहे. निरोगी पेशीत पीकेआर त्याला थोपवते. अनेक कर्कपेशींत ही वाट आधीच बिघडलेली असते, तिथे तो वाढतो आणि त्यांना फोडतो. टॅपचे दार उघडे असल्याने टी-पेशींना नमुनेही दिसतात. त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला २०१५ साली मान्यता दिली.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. या विषयावर मजकूर देताना ‘प्रतिकारशक्ती कमी’ असे मोघम न लिहिता कोणत्या रुग्णात कशामुळे कमी, हे लिहावे, आणि त्याच चौकटीत औषधाची वेळ छापावी. जागेअभावी हे पत्र कापावे लागले तर प्रथिनांची नावे खुशाल कापावीत. नागिणीचे ७२ तास, नाकाच्या शेंड्याची खूण आणि नवजात बाळाच्या तपासणीचे २१ दिवस एवढे मात्र राहू द्यावे.

आपले विश्वासू,
विषाणूशास्त्राचे काही अध्यापक व संशोधक